सॉफ्टवेअरचा साइझ मोजायला शिकायचंय? मग देवस्थानच्या अग्रशाळेपासून सुरू करा

गोव्यातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत एस्टिमेट कसं निघतं ते आपल्याला माहीत आहेच, क्लायंट फोनवर विचारतो "चवथीपर्यंत होईल ना?", आपण म्हणतो "होईल हो सर", आणि मग त्या तारखेवरून उलटं मोजत कोण किती दिवस करणार ते एक्सेलमध्ये भरत बसायचं. तारीख आधी ठरली, आकडे तिच्या मागून धावत आले, आणि त्याला आपण एस्टिमेट म्हणतो. हे बदलायचं तर क्रम एकच आहे, आधी साइझ, मग तास, मग तारीख. साइझ म्हणजे काम केवढं आहे, ते कोण करतंय आणि कशात करतंय याच्याशी त्याचा संबंध नाही. पर्वरीत जमिनीचा दर वेगळा, वाळपईत वेगळा, पण चौरस मीटर दोन्हीकडे तेवढाच, तसंच हे.

पूर्वी साइझ म्हणजे कोडच्या ओळी मोजायचे. त्यात गंमत अशी की तेच काम एका लँग्वेजमध्ये हजार ओळीत होतं, दुसरीत तीनशेत, आणि जो हुशार पोरगा कमी ओळीत काम उरकतो तोच कागदावर आळशी दिसतो. आता तर एआय एका मिनिटात पाचशे ओळी ओकतं, त्यामुळे तो विषयच संपला. आयबीएममधल्या ॲलन आल्ब्रेश्ट यांनी १९७९ मध्ये फंक्शन पॉइंट हे साइझ मोजायचं माप मांडलं ते यासाठीच, की युजरला काय मिळतं ते मोजा, आत काय लिहिलंय ते सोडा. १९८६ मध्ये त्यावर इफपग (इंटरनॅशनल फंक्शन पॉइंट यूजर्स ग्रुप) ही संस्था झाली, त्यांचं काउंटिंग प्रॅक्टिसेस मॅन्युअल म्हणजे या धंद्यातलं मुख्य पुस्तक, आणि त्यांची पद्धत आयएसओ २०९२६ म्हणून स्टँडर्डही आहे.

दुसऱ्याही पद्धती आहेत. डच लोकांची नेस्मा, आणि कॉस्मिक, जिचा आयएसओ नंबर १९७६१. माझं मत विचाराल तर बिझनेस ॲप्लिकेशन करणाऱ्यांनी इफपगपासून सुरुवात करावी, आणि तुम्ही वेर्ण्याला कुठे मशीन कंट्रोलरचं वगैरे सॉफ्टवेअर करत असाल तर सरळ कॉस्मिक घ्या, त्याचं मॅन्युअल नेटवर फुकट मिळतं आणि नियमही कमी आहेत. दोन्ही एकदम शिकायला जाऊ नका, डोक्यात खिचडी होते.

पाच गोष्टी आणि तीन मोजण्या

इफपगमध्ये पाचच प्रकार मोजायचे. दोन डेटाचे: आपलं ॲप्लिकेशन स्वतः सांभाळतं तो डेटा म्हणजे आयएलएफ, दुसरं ॲप्लिकेशन सांभाळतं आणि आपण नुसता वाचतो तो ईआयएफ. तीन व्यवहारांचे: डेटा आत येऊन काहीतरी बदलतो तो ईआय, हिशेब करून किंवा नवीन माहिती काढून बाहेर जातं ते ईओ, आणि आहे तसं उचलून दाखवायचं ते ईक्यू. प्रत्येकाला लो, ॲव्हरेज, हाय अशी पायरी. आयएलएफला ७, १०, १५, ईआयएफला ५, ७, १०, ईआय आणि ईक्यूला ३, ४, ६, आणि ईओला ४, ५, ७ पॉइंट.

पायरी कशी ठरते? इथे फाइल म्हणजे वरचेच आयएलएफ आणि ईआयएफ. फील्ड किती ते डीईटी, एका फाइलच्या आत युजरला कळतील असे उपगट किती ते आरईटी, आणि एका व्यवहारात किती फाइलींना हात लागतो ते एफटीआर. उदाहरणार्थ ईआयमध्ये दोन फाइली आणि ५ ते १५ फील्ड असतील तर ॲव्हरेज, तीन किंवा जास्त फाइली झाल्या की तेवढ्याच फील्डना हाय. ईओ आणि ईक्यूला २-३ फाइली आणि ६ ते १९ फील्ड म्हणजे ॲव्हरेज. फाइलींचं म्हणाल तर आरईटी पाचपर्यंत आणि फील्ड १९ पर्यंत असले की लोच, त्यामुळे आपल्याकडच्या छोट्या ॲप्समध्ये बहुतेक फाइली ७ वरच अडकतात. हे टेबल पाठ करायची गरज नाही, मोजत गेलं की आपोआप बसतं.

आता खरंच मोजूया

ट्रेनिंगमध्ये बँकेची नाहीतर विमान तिकिटाची केस स्टडी देतात. त्यापेक्षा आपल्याला ज्याचा व्यवहार तोंडपाठ आहे असं काहीतरी घ्या. समजा फोंड्याकडच्या एखाद्या देवस्थानाला सेवांच्या पावत्या आणि अग्रशाळेतल्या खोल्यांचं बुकिंग करायचं सॉफ्टवेअर हवंय.

पहिलं काम बाउंड्री. कागदावर एक चौकट काढा आणि ठरवा आत काय, बाहेर काय. महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या हक्काच्या सभासदांची, यादी कमिटीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आपण ती फक्त वाचणार, म्हणजे तो ईआयएफ. एसएमएस पाठवणारी सर्व्हिस किंवा पेमेंट गेटवे हे मात्र ईआयएफ नाहीत, तिथली कुठली फाइल आपण वाचत नाही, नवीन माणसं इथे हमखास चुकतात. बाउंड्री म्हणजे सर्व्हरसुद्धा नव्हे, तीन सर्व्हरवर पसरलेलं ॲप युजरच्या नजरेत एकच असेल तर ते एकच.

मग डेटा. भक्त, सेवा आणि त्यांचे दर, सेवेची पावती, खोल्या, खोल्यांचं बुकिंग, हे पाच आयएलएफ. पावतीला डेटाबेसमध्ये दोन टेबलं असतील, वरची माहिती आणि खालच्या ओळी, पण पावतीशिवाय त्या ओळींना काही अर्थ नाही म्हणून फाइल एकच आणि आरईटी दोन. डेटाबेसवाल्या लोकांना हे पचायला सगळ्यात जड जातं, ते टेबलं मोजायला लागतात! आणि पत्त्यासाठी ठेवलेली तालुक्यांची ड्रॉपडाउन यादी? ती कोड डेटा, मोजायचीच नाही. सेवांच्या दराची यादी मात्र मोजायची, कारण दर कमिटी ठरवते, बदलते, तो त्यांचा धंद्याचा डेटा आहे. सगळे लो धरले तर पाच साते ३५ आणि महाजनांच्या यादीचे ५, झाले ४०.

आता व्यवहार. भक्त नवीन घालताना महाजन आहे की नाही ते तपासतो म्हणून दोन फाइली, ॲव्हरेज, ४. बदलणं ३, काढून टाकणं ३, शोधून बघणं ईक्यू ३. सेवा घालणं आणि बदलणं ३-३, यादी बघणं ३ (सेवा डिलीट होत नाही, बंद करतात, ते बदलण्यातच आलं). पावती करताना भक्त, सेवा, पावती तिन्हींना हात लागतो, हाय, ६. रद्द करणं ३. पावती छापताना बेरीज होते म्हणून ईओ, ५. खोली घालणं, बदलणं ३-३. अमुक तारखेला कुठली खोली रिकामी ते बघणं ईक्यू, दोन फाइली, ४. खोलीचं बुकिंग परत तीन फाइली, ६, रद्द ३. रोजचा कॅश रिपोर्ट ५, आणि कमिटीला दर महिन्याचा हिशेब, त्यात चार फाइली लागतात म्हणून हाय, ७. बेरीज केली तर ६७. आधीचे ४० धरून एकूण १०७ फंक्शन पॉइंट.

बघा, स्क्रीन किती, बटणं किती, रिॲक्ट की डॉटनेट, कशाचाही प्रश्न आला नाही. तेच खोलीचं बुकिंग कॉस्मिकने मोजलं तर माहिती आत येते ती एक एंट्री, भक्त, खोली आणि आधीची बुकिंग वाचायची ते तीन रीड, लिहायचं ते एक राइट, आणि मेसेज बाहेर जातो तो एक एक्झिट, म्हणजे ६ सीएफपी, कॉस्मिकचे पॉइंट. इथे दोन्हीकडे ६ आले तो निव्वळ योगायोग, दोन पद्धतींचे आकडे एकमेकांत मिसळायचे नाहीत.

टीमला कसं शिकवायचं

दोघांना तेच डॉक्युमेंट द्या, वेगवेगळं बसून मोजायला सांगा, आणि मग समोरासमोर बसवा. बेरीज जुळते का एवढंच बघून सोडू नका, ओळीओळीने जुळवा, कारण एकाने फाइल जास्त धरली आणि दुसऱ्याने रिपोर्ट जास्त धरला तरी बेरीज सारखी येऊ शकते. फरक बहुतेक तीन ठिकाणी सापडतो: बाउंड्री, फाइल एक की दोन, आणि एक पूर्ण व्यवहार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो. तीन पानांचा फॉर्म नेक्स्ट नेक्स्ट करत भरला तरी सेव्ह होईपर्यंत युजरचं काम पूर्ण होत नाही, म्हणून तो एकच ईआय. प्रत्येक वादाचा निकाल मॅन्युअलमध्ये शोधून पान नंबरसकट लिहून ठेवा, सीनियर म्हणतो म्हणून नको. ही वादाची वही काही महिन्यांनी कुठल्याही क्लासपेक्षा कामाची होते.

आणि टेस्टरला नक्की बसवा. डेव्हलपर आतून बघतो, टेस्टरला युजरच्या बाजूने बघायची सवय असते, तो लवकर शिकतो असं माझं मत.

सुरुवातीला डॉक्युमेंट अर्धवटच असतं, क्लायंटने व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवलेल्या असतात, तेव्हा फील्ड कुठून मोजणार? त्यासाठी नेस्माची झटपट पद्धत आहे, सगळा डेटा लो आणि सगळे व्यवहार ॲव्हरेज धरायचे. आपल्या देवस्थानाला लावून बघा, ११ ईआय, ३ ईओ, ३ ईक्यू, म्हणजे ७१ आणि ४०, १११ येतात. १०७ च्या किती जवळ! त्याहून ढोबळ पद्धतीत फक्त फाइली मोजायच्या, आयएलएफला ३५ आणि ईआयएफला १५, तिथे मात्र १९० येतात, कारण प्रत्येक फाइलीमागे भरपूर व्यवहार असणार असं ती गृहीत धरते आणि आपलं ॲप तेवढं भरलेलं नाही. म्हणून ढोबळ आकडा क्लायंटला द्यायच्या आधी निदान व्यवहारांची यादी तरी करा.

तास कुठून आणायचे

इथे लोक घाई करतात, नेटवरून कुठूनतरी एका पॉइंटला इतके तास असा रेट उचलतात. तसं नका करू. तुमच्याच कंपनीची आधी झालेली तीन-चार प्रोजेक्ट काढा, ती आता मोजा, टाइमशीट बघा, आणि तासांना पॉइंटने भागा. टाइमशीट खोटी असेल तर (असते!) निदान किती माणसं किती आठवडे होती तेवढं तरी विचारून घ्या. जो रेट येईल तो एक आकडा म्हणून वापरू नका, सगळ्यात चांगलं प्रोजेक्ट आणि सगळ्यात वाईट प्रोजेक्ट अशी रेंज ठेवा. एकदम सुरुवातीला अंदाज चौपट वर किंवा चौथ्या हिश्शापर्यंत खाली जाऊ शकतो हे एस्टिमेशनवर काम केलेल्या बॅरी बोह्म यांच्या काळापासून माहीत आहे, त्यामुळे क्लायंटला पहिल्या मीटिंगमध्ये एकच आकडा सांगणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. बाहेरचं काही ताडून बघायचं असेल तर आयएसबीएसजी या संस्थेने गोळा केलेला बऱ्याच कंपन्यांच्या प्रोजेक्टांचा डेटा आहे, पण तो पैसे देऊन घ्यावा लागतो आणि आधी आपला हवाच.

परफॉर्मन्स, सिक्युरिटी, मराठी-कोकणी-इंग्लिश अशा तिन्ही भाषांत स्क्रीन, हे फंक्शन पॉइंटमध्ये येत नाही. पूर्वी त्यासाठी १४ मुद्द्यांना ० ते ५ मार्क देऊन ०.६५ ते १.३५ चा गुणक लावायचे, आयएसओ स्टँडर्डमध्ये तो नाही आणि मीही लावत नाही. इफपगने नंतर अशा गोष्टींसाठी स्नॅप नावाची वेगळी मोजणी काढलीय, ती हात बसल्यावर शिका. स्टोरी पॉइंटचं, म्हणजे टीम आपल्या अंदाजाने कामाला देते त्या आकड्यांचं, विचाराल तर ते एका टीमपुरते असतात, मडगावच्या टीमचे ८ आणि पणजीच्या टीमचे ८ एक नव्हेत, स्प्रिंटसाठी ठेवा, कोटेशनमध्ये घालू नका.

परीक्षा द्यायची तर इफपगची सीएफपीएस (सर्टिफाइड फंक्शन पॉइंट स्पेशालिस्ट). एकूण ९० टक्के आणि प्रत्येक सेक्शनमध्ये निदान ८० लागतात, तेवढं जमलं नाही पण एकूण निदान ८० टक्के आणि प्रत्येक सेक्शनमध्ये निदान ७० असतील तर सीएफपीपी हे खालच्या पायरीचं सर्टिफिकेट मिळतं. व्याख्या पाठ करून पास होत नाही, केस स्टडीत वेळ जातो, त्यामुळे मोजायचा वेग आधी हवा. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. ऑफिसकडून फी मागताना परीक्षेची गोष्ट काढण्याऐवजी मागचं एक प्रोजेक्ट मोजून दाखवा, लगेच सही होते.

शेवटचं म्हणजे बदलांची मोजणी, खरे पैसे इथेच बुडतात. देवस्थानाचा फोन येतो, "बाबा, देणगीदाराचा पॅन नंबर घाल, एकच तर फील्ड आहे, पावतीवर पण छाप." इफपगच्या नियमाने ज्या फंक्शनला हात लागला ते पूर्ण मोजायचं, भक्त फाइल ७, नवीन भक्त ४, बदल ३, पावती छापणं ५, एकूण १९ पॉइंट. एका फील्डला १९! नेस्मात अशा बदलांना कमी-जास्त करणारे गुणक आहेत, ते वापरा किंवा स्वतःचा वेगळा रेट ठेवा, पण मोजा, आणि कोटेशनच्या मेलला ती शीट जोडा. "एकच फील्ड" म्हणणाऱ्या सेक्रेटरीला चार ओळी दिसल्या की तो पैशावर बोलायच्या आधी विचारतो की पावतीवर नको घातलं तर किती कमी होईल, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार असतं: ५ पॉइंट.