मानसशास्त्राच्या पदवी शिक्षणात मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधन कसे शिकावे

पदव्युत्तर प्रवेशासाठी आलेल्या अर्जांत 'संशोधनाचा अनुभव' या रकान्यात बहुधा प्रमाणपत्रांची यादी असते: दोन आठवड्यांची ऑनलाइन इंटर्नशिप, एखादी कार्यशाळा, कुठल्याशा परिषदेतले पोस्टर. मुलाखतीत त्याच विद्यार्थ्याला "तुम्ही गोळा केलेल्या प्रश्नावल्यांपैकी किती बाद केल्या आणि का?" असे विचारले की तो गोंधळतो, कारण हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलेलाच नसतो. पदवीच्या वर्षांत मिळवायचा अनुभव म्हणजे, आपले काम ओळ न् ओळ तपासून चूक दाखवणाऱ्या आणि ती आपल्याकडूनच दुरुस्त करून घेणाऱ्या व्यक्तीच्या हाताखाली काही महिने काम करणे. विषय किती आकर्षक आहे, संस्था किती नामांकित आहे, हे त्यानंतरचे प्रश्न आहेत. पैसे घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या इंटर्नशिपमध्ये नेमकी ही तपासणीच नसते, म्हणून माझ्या मते त्यांवर खर्च करू नये.

मार्गदर्शक कोठे शोधावा

सुरुवात स्वतःच्या महाविद्यालयापासून करावी. विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही, पण आपल्याला शिकवणाऱ्या प्राध्यापकांपैकी कोणी ना कोणी स्वतःच पीएच.डी. करत असतात किंवा एखादा छोटा प्रकल्प चालवत असतात, आणि त्यांना प्रश्नावल्यांची नोंद, मुलाखतींचे शब्दांकन, जुन्या लेखांचा शोध अशा कामांसाठी मदतीची नेहमीच गरज असते. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या नव्या अभ्यासक्रम रचनेत फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग आलेच आहे. ते शेवटच्या आठवड्यात कसेबसे उरकण्याऐवजी सत्राच्या आरंभीच एखाद्या शिक्षकांच्या चालू कामाला जोडून घेता आले, तर श्रेयांकही मिळतात आणि शिकणेही होते.

त्यापुढची पायरी म्हणजे जवळच्या विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात तो आहे, मुंबई विद्यापीठात कालिन्याच्या संकुलात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग आहे, आणि पवईच्या आयआयटीतील मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे विभागातही मानसशास्त्राचे अध्यापक आहेत. अशा ठिकाणी थेट विभागप्रमुखांना लिहिण्यापेक्षा, आपल्या आवडीच्या विषयावर काम करणाऱ्या अध्यापकांना किंवा त्यांच्याकडील पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांना लिहिणे अधिक उपयोगी ठरते. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत बुद्धिमापन आणि चाचणीनिर्मितीची जुनी परंपरा आहे, त्यामुळे चाचणी कशी घडते याचे कुतूहल असलेल्यांनी तेथे चौकशी करावी. उन्हाळ्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी घेणारे कार्यक्रम काही आयआयटी चालवतात. गांधीनगरचा कार्यक्रम त्यांपैकी एक असून तेथे बोधनविज्ञानाचेही (कॉग्निटिव्ह सायन्स) काम चालते. मात्र या जागांसाठी चुरस असते, आणि हाताखाली काम केल्याचा आधीचा थोडा अनुभव असेल तर अर्ज वजनदार होतो, म्हणूनही आरंभ घरच्या महाविद्यालयातूनच केलेला बरा.

विचारावे कसे

"मला संशोधनाची खूप आवड आहे, कृपया संधी द्यावी" या वाक्याला उत्तर देणे कोणत्याही शिक्षकाला अवघड जाते, कारण त्यात काय करता येईल आणि किती वेळ देता येईल हे काहीच नसते. त्याऐवजी पत्र असे असावे:

"आदरणीय मॅडम, मी द्वितीय वर्ष बी.ए. मानसशास्त्र या वर्गात शिकते. किशोरवयीन मुलांच्या झोपेवर आपले काम चालू असल्याचे आपण वर्गात सांगितले होते. त्यातील प्रश्नावल्यांची नोंद किंवा मुलाखतींचे शब्दांकन करण्यासाठी मी या सत्रात दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी दोन-दोन तास देऊ शकते. मला एक्सेल आणि मराठी टंकलेखन येते. संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर अजून येत नाही. आपल्या सोयीने दहा मिनिटे भेटता येईल का?"

येत नाही ते कबूल करणारे वाक्य मुद्दाम ठेवावे. समोरच्याला आपल्याला कोणते काम द्यायचे हे त्यावरूनच ठरवता येते. आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा आठवण करावी, आणि त्यानंतर दुसऱ्या व्यक्तीकडे वळावे. पहिल्या भेटीत तीन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात: काम कोण तपासणार, किती दिवसांनी भेटायचे, आणि पुढे शोधनिबंध झालाच तर लेखक म्हणून नाव येण्यासाठी किती वाटा उचलावा लागेल. तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण पुढची कटुता टाळायची असेल तर तो सुरुवातीलाच विचारलेला चांगला.

पहिले काम कंटाळवाणेच असते

बहुतेकांच्या वाट्याला आधी डेटा नोंदणी येते, आणि येथेच सर्वांत जास्त शिकायला मिळते. रोझेनबर्ग यांची १९६५ची आत्मसन्मान मापनी घेऊ. तिच्यात दहा विधाने असतात आणि प्रत्येकाला चार पर्याय असतात. पाच विधाने सकारात्मक असतात आणि उरलेली पाच 'कधीकधी मी अगदीच निरुपयोगी आहे असे मला वाटते' अशा नकारात्मक वळणाची. एक ते चार असे गुण दिले तर नकारात्मक विधानांचे गुण उलटावे लागतात, म्हणजे पाचातून वजा करावे लागतात. हे विसरले तर काय होते ते कागदावर करून पाहावे. स्वतःविषयी उत्तम मत असलेली मुलगी पाच विधानांना चार आणि पाच विधानांना एक देते, तिची बेरीज होते २५. स्वतःला पूर्ण कमी लेखणारा मुलगा याच्या बरोबर उलट उत्तरे देतो आणि त्याचीही बेरीज होते २५. दोन टोकांची माणसे एका आकड्यावर येऊन बसतात, आणि संगणक काहीही तक्रार करत नाही. पहिल्या प्रकल्पात मी हीच चूक केली होती; विश्वसनीयता गुणांक (मापनीतील विधानांची उत्तरे परस्परांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा) ऋण आला तेव्हा मला सॉफ्टवेअर बिघडले असे वाटले, आणि माझ्या मार्गदर्शकांनी काहीही न बोलता प्रश्नावलीतले एक नकारात्मक विधान मला मोठ्याने वाचायला लावले.

म्हणून मूळ नोंदींची फाइल कधीही बदलू नये; गुण उलटवणे, गाळलेली उत्तरे, बेरजा हे सारे तिच्या प्रतीवर करावे आणि कोणत्या स्तंभात काय आहे, कोणता बदल कोणत्या तारखेला व का केला, हे एका वहीत लिहून ठेवावे. दर आठवड्याच्या भेटीला ही वहीच न्यावी.

मुलाखतींच्या शब्दांकनाचा मोह वेगळा असतो. तासाभराचे ध्वनिमुद्रण उतरवायला पाच-सहा तास सहज लागतात, आणि लिहिता लिहिता हात आपोआप बोली भाषा 'शुद्ध' करू लागतो. बोलणारी व्यक्ती "डोकं नुसतं भणभणतं, कशात जीव लागत नाही" असे म्हणाली असेल तर ते 'मानसिक अस्वस्थता जाणवते' असे लिहिणे म्हणजे तिच्या तोंडी आपली पाठ्यपुस्तके घालणे होय. तिचे शब्द जसेच्या तसे ठेवावेत. त्यांचा अर्थ लावण्याचे काम नंतरचे आहे आणि ते मार्गदर्शकांबरोबर बसून करायचे आहे.

संमती आणि जबाबदारी

मार्गदर्शकाची गरज सर्वांत जास्त येथे असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील व्यक्तींच्या बाबतीत पालकांची संमती आणि मोठ्या मुलांचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. 'आम्ही तर कॉलेजातच गूगल फॉर्म फिरवला' असे म्हणून सुटका होत नाही, कारण त्याच आवारातील अकरावी-बारावीची मुले तर अल्पवयीन असतातच, पण प्रथम वर्षातील काही जणांनीही अजून अठरावे ओलांडलेले नसते. महाविद्यालयाची नैतिक समिती असेल तर माहिती गोळा करण्यापूर्वी तिची लेखी मान्यता घ्यावी. मागाहून मान्यता मिळत नाही.

नैराश्यावर अभ्यास करण्याची इच्छा अनेकांना असते आणि पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणे मोजणारी नऊ प्रश्नांची मापनी सहज उपलब्ध होते. तिचा नववा प्रश्न मरण आल्यास बरे होईल किंवा स्वतःला इजा करावी अशा विचारांविषयी आहे. एखाद्या सहभागीने तेथे 'जवळजवळ रोज' या पर्यायावर खूण केली आणि फॉर्म निनावी असेल, तर तुम्ही त्याच्यापर्यंत पोहोचणार कसे? याचे उत्तर आधी लिहून काढून मार्गदर्शकांना दाखवल्याशिवाय ही मापनी वापरू नये. निदान फॉर्मच्या शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आणि महाविद्यालयाच्या समुपदेशकांच्या भेटीची वेळ द्यावी.

स्वतःचा छोटा प्रकल्प

एक सत्र दुसऱ्याच्या कामात घालवल्यावर स्वतःचा प्रश्न घ्यावा, आणि तो नवा असण्याचा हट्ट धरू नये. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सामूहिक प्रयत्नात मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा सुमारे ३६ टक्के प्रयोगांतच संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष पुन्हा मिळाला. जुना, सोपा प्रयोग मराठी भाषक विद्यार्थ्यांवर काटेकोरपणे पुन्हा करणे हे पदवीच्या पातळीवर पुरेसे मोलाचे काम आहे. स्ट्रूपचा प्रयोग (एका रंगाचे नाव दुसऱ्याच रंगात लिहून, अक्षरांचा रंग ओळखायला किती वेळ लागतो हे पाहणे) देवनागरीत लिहिलेल्या रंगनामांनी करायला एक लॅपटॉप आणि शांत खोली लागते. विश्लेषणासाठी जामोवी किंवा जास्प ही मोफत सॉफ्टवेअर पुरतात.

चार वर्षांच्या पदवीकडे जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तरच चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येते, आणि त्यात १२ श्रेयांकांचा प्रकल्प असतो. त्या प्रकल्पाचा मार्गदर्शक तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस शोधायला निघालेल्यांना उरलासुरला विषय मिळतो.

काम संपले की शिफारसपत्र लगेच मागावे, कारण दोन वर्षांनी शिक्षकांना चेहरा आठवतो, काम आठवत नाही; सोबत आपण केलेल्या कामांची एक पानी नोंद द्यावी. कागदी प्रश्नावल्या, ध्वनिमुद्रणे आणि बदलांची वही मार्गदर्शकांच्या हवाली करावी, आणि आपल्या लॅपटॉपवर व फोनमध्ये राहिलेल्या प्रती त्यांच्यासमोरच पुसून टाकाव्यात.