ईसीसीवरून एस फोर हानाला जाताय? रस्ता कसा ठरवायचा

तुमच्याकडे अजून सॅप ईसीसी ६.० (सॅपची जुनी ईआरपी, म्हणजे कंपनीचे हिशेब, खरेदी, उत्पादन सांभाळणारी सिस्टीम; एस फोर हाना ही तिच्या जागी आलेली नवी) चालू असेल तर त्याचा मेनस्ट्रीम सपोर्ट, म्हणजे सॅपकडून मिळणारा नेहमीचा सपोर्ट, २०२७ अखेर संपतोय, एन्हान्समेंट पॅक (ईसीसीवर चढवायचा सुधारणांचा संच) ५ किंवा त्याच्या आधीचं असेल तर तो २०२५ अखेरच संपला. घाई आहेच, पण म्हणून पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये जो रस्ता दाखवला त्यावर सही करू नका.

रस्ते तीन. ग्रीनफिल्ड, म्हणजे कोरी सिस्टीम उभी करायची आणि मास्टर डेटा (कस्टमर, व्हेंडर, मटेरियल यांची मूळ माहिती), ओपन आयटम (अजून न मिटलेली बिलं), बॅलन्स एवढंच न्यायचं. ब्राउनफिल्ड, म्हणजे आहे तीच सिस्टीम जुन्या सगळ्या एंट्र्यांसकट कन्व्हर्ट करायची. तिसरा सिलेक्टिव्ह, हवे तेवढेच कंपनी कोड (सॅपमध्ये स्वतंत्र हिशेब असलेली एकेक कंपनी) आणि हवी तेवढीच वर्षं. दोन-तीन सिस्टीम एकत्र करायच्या असतील तरच याच्या नादी लागा, खर्चिक आहे.

सुरुवात झेड प्रोग्रॅमपासून करा, म्हणजे सॅपच्या मूळ कोडव्यतिरिक्त तुम्ही स्वतःसाठी लिहून घेतलेल्या प्रोग्रॅमपासून. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे रोजच्या कामाच्या सिस्टीमवर, एससीएमओएन (कुठला कोड चालला याची नोंद ठेवणारं सॅपचं टूल) लावून ठेवा म्हणजे खरंच काय वापरात आहे ते कळतं, आणि हे दोन महिने बघून भागत नाही, ३१ मार्चचं क्लोजिंग त्यात यायलाच हवं, कारण काही रिपोर्ट वर्षातून एकदाच चालतात आणि नेमके तेच अकाउंट्सवाल्यांना लागतात. मग उरलेल्या कोडवर एटीसी चेक, म्हणजे तो एस फोरमध्ये कुठे अडेल ते दाखवणारी सॅपची तपासणी. प्रोसेस धड असेल आणि कोडच फक्त साचलेला असेल तर माझं मत ब्राउनफिल्ड. पण प्लॅनिंगवाला सॅपमधून डेटा काढून सगळं एक्सेलमध्ये करत असेल तर ती प्रोसेस तशीच उचलून नवीन घरात नेण्यात काय अर्थ आहे, तिथे ग्रीनफिल्डच.

रस्ता कुठलाही घ्या, व्हेंडर मास्टरची साफसफाई आजच सुरू करा. एस फोरमध्ये कस्टमर आणि व्हेंडर दोघंही बिझनेस पार्टनर या एकाच प्रकारच्या रेकॉर्डमध्ये जातात आणि ब्राउनफिल्डमध्ये ते काम कन्व्हर्जनच्या आधी ईसीसीतच उरकावं लागतं. मी एका प्लांटला हे करत होतो तेव्हा एकच ट्रान्सपोर्टर तीन व्हेंडर कोडवर निघाला, एकाच्या पिनकोडमध्ये पाचच आकडे, आणि त्या एका आकड्यासाठी रेकॉर्ड अडकून बसलेलं. असेटचे हिशेब आणि जीएल (जनरल लेजर) यांमधला जुना फरकही असाच वर येतो, तो सीएफओंच्या कानावर आधीच घाला.

ब्राउनफिल्डकडे कल असेल तर प्रॉडक्शनची कॉपी सँडबॉक्सवर (चाचणीच्या वेगळ्या सिस्टीमवर) घ्या, एसयूएम (कन्व्हर्जन करणारं सॅपचं टूल) चालवा, किती तास लागले ते लिहून ठेवा. प्लांट शनिवार रात्र ते सोमवार सकाळ एवढाच बंद राहणार असेल आणि तास त्यात बसत नसतील तर आधी जुना डेटा आर्काइव्ह करा, म्हणजे सिस्टीमबाहेर साठवून ठेवा, आणि पुन्हा मोजा.