‘चीप’ म्हणण्याआधी थांबा: या चुका टाळा

म्हापशात मी घरीच इंग्रजी बोलायला शिकवतो. येणारी मुलं बहुतेक पेडणे, डिचोली, सत्तरीची. घरात मराठी, बाजारात कोकणी आणि नोकरी किनाऱ्यावरच्या हॉटेलात किंवा दुकानात. त्यामुळे इंग्रजी हवंच, आणि तेही पंधरा दिवसांत हवं. या घाईत ज्या शब्दाचे सगळ्यात जास्त हाल होतात तो म्हणजे ‘चीप’. वहीत ‘चीप म्हणजे स्वस्त’ एवढी ओळ लिहिली की तो शब्द आला असं सगळे धरून चालतात. तो इतका सोपा नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे माणसाला चीप म्हणणं. पेडण्याची माझी एक विद्यार्थिनी किनाऱ्यावरच्या एका छोट्या हॉटेलात रिसेप्शनला होती. तिथे एक वयस्कर ब्रिटिश जोडपं वर्षानुवर्षं यायचं. जुनी माणसं म्हणून मालकाने त्यांच्यासाठी खोलीचं भाडं कमी केलं होतं. ते त्यांना आपुलकीने सांगावं म्हणून ही पोर हसतमुखाने म्हणाली, ‘सर, यू आर अवर चीप गेस्ट.’ बाईंनी हातात घेतलेली किल्ली परत काउंटरवर ठेवली. नवरा काहीच बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी बोलावून दोघं निघून गेली. मालकाने पोरीला सगळ्यांसमोर झापलं. संध्याकाळी ती माझ्याकडे आली तेव्हा डोळे सुजलेले होते. ‘सर, मी वाईट काय बोलले?’ एवढंच विचारत होती. त्या जोडप्याला समजावून सांगायची संधी तिला मिळाली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तिला मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. आपल्याकडे स्वस्त आणि सवंग असे दोन शब्द आहेत. भाजी स्वस्त होते, विनोद सवंग असतो. पूर्वी सवंग म्हणजेही नुसतं कमी भावाचं. सवंगाई म्हणजे स्वस्ताई. पुढे ‘सवंग लोकप्रियता’ वगैरे म्हणता म्हणता त्याला हलकेपणा चिकटला. इंग्रजीत ही दोन्ही ओझी एकट्या ‘चीप’च्या डोक्यावर आहेत. तिकिटाला, टोमॅटोला, पेनाला लावलंत तर स्वस्त. माणसाला लावलंत की कंजूष नाहीतर हलक्या वृत्तीचा. तिला म्हणायचं होतं ते असं: ‘वी हॅव अ स्पेशल रेट फॉर यू.’ चीप या शब्दाची तिथे गरजच नव्हती.

माझी स्वतःची सवय साधी आहे. नवीन विशेषण शिकलो की ते आधी आत्येला लावून बघतो. ‘माझी आत्या अमुक आहे’ असं तिच्यासमोर म्हणता येईल का? नसेल, तर तो शब्द गिऱ्हाइकासमोर काढायचा नाही. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम नाही, पण मला तो कधी दगा देत नाही.

या शब्दाचं कूळ मात्र चांगलं आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता व्यापार, सौदा. लंडनमध्ये चीपसाइड नावाचा रस्ता आहे, तो जुन्या काळचा मोठा बाजार. त्याला लागून ब्रेड स्ट्रीट आणि मिल्क स्ट्रीट, म्हणजे आपल्या म्हापशाच्या बाजारात केळ्यांची ओळ वेगळी, मातीच्या भांड्यांची वेगळी, तसंच. कोपनहेगन या नावातही हेच मूळ आहे, व्यापाऱ्यांचं बंदर. ‘गुड चीप’ म्हणजे चांगला सौदा. त्यातला ‘गुड’ गळाला आणि एकटा चीप उरला.

आता बाकीच्या चुका भराभर. ‘प्राइस इज चीप’ म्हणू नका. वस्तू चीप असते, किंमत ‘लो’ असते. ‘चीप अँड बेस्ट’ आपल्या देशात चालतं, पण बाहेरच्या माणसाला ते विचित्र वाटतं. त्याला ‘गुड व्हॅल्यू’ सांगा. उच्चारात ई दीर्घ ठेवा, नाहीतर ऐकणाऱ्याला बटाट्याचे चिप्स आठवतील. ‘प्राइसलेस’ म्हणजे बिनकिमतीचं नव्हे, अनमोल. काटकसरी माणूस ‘थ्रिफ्टी’, चिकट माणूस ‘चीपस्केट’, आणि हे दोन शब्द उलटेपालटे केलेत तर भांडण नक्की. ‘डर्ट चीप’ मात्र बिनधास्त लक्षात ठेवा, आपलं मातीमोलच ते.

जवळचे शब्दही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘रिझनेबल’ म्हणजे माफक, दर रास्त आहे असा. ‘अफोर्डेबल’ म्हणजे घेणाऱ्याच्या खिशाला परवडणारं, त्यामुळे ते घेणाऱ्यावर ठरतं. ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे वापरताना खर्च कमी. पेट्रोल कमी पिणारी स्कूटर इकॉनॉमिकल, मग ती विकत घेताना महाग का पडेना.

म्हणूनच मोबाइलवर समानार्थी शब्दांची यादी काढून त्यातला दिसेल तो उचलणाऱ्यांचा मला राग येतो. पीटर रोजे या डॉक्टरने 1852 साली थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाच्या शब्दांचा कोश, छापला, तो कल्पनांप्रमाणे शब्द एकत्र ठेवून. एका कल्पनेखाली आले म्हणून ते अदलाबदलीचे होत नाहीत. माझ्याकडच्या एका मुलाची आई कापडी पिशव्या शिवते. बोडगेश्वराच्या जत्रेत स्टॉल लावायचा म्हणून त्याने कार्डं छापून आणली. ‘चीप’ नको असं मी बजावलं होतं, म्हणून त्याने यादीतला सगळ्यात भारदस्त दिसणारा शब्द निवडला. कार्डावर ठळक अक्षरात ‘टॉड्री बॅग्ज’! टॉड्री म्हणजे भडक, दिखाऊ, कमअस्सल माल. तो शब्दही जत्रेतूनच आलाय. इंग्लंडात ईली गावी सेंट ऑड्रीच्या नावाने जत्रा भरे, तिथे रेशमी लेस विकली जाई. ‘सेंट ऑड्रीज लेस’ बोलता बोलता ‘टॉड्री लेस’ झाली, आणि पुढे नावाला वाईट अर्थ आला.

‘सर, यादीत होता,’ तो म्हणाला. यादीत होता, पण त्या शब्दाचं एक तरी वाक्य त्याने वाचलं होतं का? वाक्यात बघितल्याशिवाय शब्द वापरू नका. मी निदान तीन वाक्यं शोधतो, आणि ती तीन वेगळ्या ठिकाणची.

त्याच्या आईचे टाके सरळ, कड दुहेरी दुमडलेली, बंद ओढून बघावेत असे पक्के. त्या पिशव्यांवर हे कार्ड लटकणार होतं. रात्री आम्ही तिघांनी बसून सगळ्या कार्डांवरचा तो शब्द कागदाच्या पट्टीने झाकला, वर ‘हँडमेड’ लिहिलं आणि खाली किंमत आकड्यात घातली.