परदेशात एकटं फिरताना संध्याकाळी काय करायचं

एकट्याच्या ट्रिपमध्ये दिवस कसाही छान जातो, प्रश्न असतो तो संध्याकाळी सहा ते दहाचा. पाच-सहाला बघायच्या जागा बंद व्हायला लागतात, पाय दुखत असतात, मग माणूस रूमवर येतो, जरा आडवा होतो, फोन हातात घेतो आणि बघता बघता साडेनऊ वाजतात, बाहेर पडायचा मूड गेलेला असतो आणि ज्या शहरात यायला इतके पैसे घातले ते रात्री कसं दिसतं हे बघायचंच राहतं. मी बरीच वर्षं एकटीच फिरते आणि माझं ठाम मत झालंय की दिवसापेक्षा संध्याकाळचं प्लॅनिंग जास्त करायला पाहिजे. फार नाही, रोज फक्त एकच गोष्ट ठरवायची, पण तिची वेळ ठरलेली असली पाहिजे. "संध्याकाळी जरा फिरू" हा प्लॅन नाही, "साडेसातचं तिकीट आहे" हा प्लॅन, कारण वेळ ठरलेली असली की तुम्ही रूममधून उठता.

पहिलं काम म्हणजे निघण्याआधी त्या शहरात त्या महिन्यात सूर्य किती वाजता मावळतो ते बघून ठेवा. लंडनला जूनमध्ये रात्री सव्वानऊनंतरही उजेड असतो आणि डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळलेला असतो, म्हणजे एकाच शहराच्या या दोन पूर्ण वेगळ्या संध्याकाळी झाल्या. सिंगापूरला मात्र वर्षभर सातच्या आसपासच अंधार पडतो. यावरच ठरतं की तुम्ही संध्याकाळी बागेत, नदीकाठी चालणार की छताखाली काहीतरी शोधणार.

दुसरं, म्युझियमचं वेळापत्रक वाराप्रमाणे बघा, हे खूप जण बघतच नाहीत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. मोठी म्युझियम आठवड्यातून एक-दोन दिवस उशिरापर्यंत उघडी असतात. पॅरिसचं लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत, तिथलंच ओर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत, लंडनचं ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी साडेआठपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट शुक्रवारी दहापर्यंत, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन शुक्रवार-शनिवारी नऊपर्यंत. माद्रिदच्या प्राडोमध्ये तर सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ प्रवेशच फुकट असतो (लाईन मोठी असते, थोडं आधी जाऊन उभं राहा). वेळा बदलतात, म्हणून जायच्या आधी साईटवर एकदा चेक करा. संध्याकाळी सहसा टूर ग्रुप निघून गेलेले असतात, शाळेच्या सहली नसतात, आणि एकटं असल्यामुळे एकाच चित्रासमोर वीस मिनिटं बसलात तरी "चल ना आता" म्हणणारं कोणी नसतं. म्हणून पूर्ण ट्रिपचे वार आधी या वेळांप्रमाणे लावा, मग बाकीचं.

आता नाटक, संगीत, ऑपेरा. इथे एकटं असण्याचा सरळ फायदा आहे आणि तो घ्याच. लोक तिकिटं जोडीने नाहीतर चौघांची काढतात, त्यामुळे चांगल्या रांगांमध्ये मधेच एकेक सीट उरते आणि ती सीट तुमची! त्याच दिवशी दुपारी चार-पाचला थिएटरच्या साईटवर सीटचा नकाशा उघडा आणि एकटी उरलेली सीट शोधा, किंवा सरळ बॉक्स ऑफिसला जाऊन "एकच पाहिजे" म्हणून विचारा. न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरमध्ये टीकेटीएसची खिडकी आहे, १९७३ पासून चालू आहे, तिथे त्याच दिवसाच्या शोची तिकिटं सवलतीत मिळतात, लंडनला लेस्टर स्क्वेअरमध्येही तशीच आहे. व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरामध्ये चारशेहून जास्त उभ्याच्या जागा आहेत, त्यांची तिकिटं त्याच दिवशी विकतात आणि बसायच्या तिकिटाच्या मानाने अगदी स्वस्त असतात, पण सीझन साधारण सप्टेंबर ते जून असतो हे लक्षात ठेवा, जुलै-ऑगस्टमध्ये तिथे ऑपेरा नसतो. त्या दिवसांत लंडनला असाल तर रॉयल अल्बर्ट हॉलमधला प्रॉम्स हा संगीत महोत्सव बघा, साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जवळपास रोज कॉन्सर्ट असतो आणि उभं राहून ऐकायची स्वस्त तिकिटं त्याच दिवशी निघतात. भाषा येत नसेल तर बोलण्यावर चालणारं नाटक सोडून द्या, वाद्यसंगीत, नृत्य, सर्कस किंवा चक्क फुटबॉलची मॅच बघा, मॅचमध्ये शेजारी बसलेला माणूस गोल झाल्यावर आपोआप मित्र होतो.

ज्या संध्याकाळी आत बसायचं नाही तेव्हा उंचावर नाहीतर पाण्यावर जा. उंचावर जायचं तर सूर्यास्ताच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचा, म्हणजे उजेडातलं शहर, मग निळं होत जाणारं आकाश आणि मग दिवे, तिन्ही एका फेरीत बघून होतात. टोकियोला शिंजुकूमध्ये महानगर सरकारच्या बिल्डिंगमध्ये ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर फुकट गॅलरी आहे. बर्लिनला संसदेचा काचेचा घुमट रात्री बारापर्यंत उघडा असतो, फुकट आहे पण आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं आणि पासपोर्ट लागतो, आणि शेवटची एन्ट्री दहाच्या आधी होते, तर नावनोंदणी घरूनच करून जा. पाण्यावर जायचं तर महागड्या डिनर क्रूझच्या नादी लागू नका. तिथे टेबलं जोडप्यांसाठी मांडलेली असतात आणि एकट्याला ते तीन तास फार लांब वाटतात. त्यापेक्षा शहरातले लोक रोज ज्या बोटीने घरी जातात ती पकडा. हाँगकाँगची स्टार फेरी १८८८ पासून चालू आहे, तीच घेऊन पलीकडे जा आणि आठ वाजता बंदरावर लाइटचा शो असतो तो काठावरून बघा. न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरी पूर्ण फुकट, चोवीस तास चालते, एका बाजूला साधारण पंचवीस मिनिटं लागतात, मॅनहॅटनहून जाताना उजव्या बाजूला उभे राहा म्हणजे स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो, पलीकडे सगळ्यांना उतरावं लागतं आणि मग परत चढायचं. सिंगापूरला गार्डन्स बाय द बेमध्ये त्या उंच उंच कृत्रिम झाडांखाली पावणेआठ आणि पावणेनऊला दिव्यांचा आणि संगीताचा शो होतो, तोही फुकट, आणि तो खाली जमिनीवर पाठ टेकून बघायचा.

जेवणाची भीती खूप जणांना वाटते, एकटं टेबलावर बसायचं कसं. तर टेबल मागूच नका, काउंटरची सीट मागा. जपानमध्ये तर रामेनच्या दुकानात काउंटरच असतो आणि निम्मे लोक एकटेच बसलेले असतात, पण बाकी शहरांतही बारच्या समोर किंवा उघड्या किचनसमोर जागा असते, समोर काम चाललेलं बघायला मिळतं आणि वाढणारा माणूस दोन शब्द बोलतो. गर्दीच्या तासभर आधी गेलात तर जागा नक्की मिळते. फक्त स्पेनसारख्या ठिकाणी संध्याकाळी सातला बरीचशी किचन बंदच असतात, तिथले लोक साडेआठ-नऊनंतर जेवतात, म्हणून तिथे दुपारचं मोठं जेवण करायचं आणि रात्री उभ्या उभ्या थोडं थोडं खात दोन-तीन ठिकाणी फिरायचं, एकट्याला ते सगळ्यात सोपं पडतं. मोठं आणि महागडं जेवण कुठेही दुपारीच करा, तोच शेफ, कमी बिल.

माणसं भेटावीत असं वाटत असेल तर जिथे हाताला काहीतरी काम आहे तिथे जा, नुसतं ओळखी करायला जमलेल्या गर्दीत नाही. कुकिंग क्लास, संध्याकाळची वॉकिंग टूर, बोर्ड गेम्सचा कॅफे, भिंत चढायची जिम, भाषा शिकायला जमणारे ग्रुप, इथे काय बोलायचं हा प्रश्नच येत नाही कारण समोर विषय असतो. वॉकिंग टूर पहिल्याच संध्याकाळी घ्या, म्हणजे शहर कळतं आणि गाईडला विचारता येतं की कुठला भाग रात्री टाळायचा. लाजाळू असाल तरी हे जमतं, मी सांगते.

आता सावध कुठे राहायचं ते नीट वाचा. पर्यटकांच्या रस्त्यावर कोणी खूप गोड बोलत आलं आणि स्वतःच एखाद्या ठरावीक बारमध्ये किंवा चहाच्या दुकानात चल म्हणालं तर जायचं नाही. इस्तंबूल, बुडापेस्ट, शांघाय अशा कितीतरी शहरांत ही फसवणूक जुनी आहे, आत गेल्यावर अवाच्या सवा बिल येतं आणि ते भरल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. जागा तुम्ही निवडा, किमती लिहिलेला मेनू मागा, ग्लास नजरेआड करू नका. कुठे राहता असं कोणी विचारलं तर एरिया सांगा, हॉटेलचं नाव नाही. एकटे आलात का विचारलं तर "मैत्रीण येतेय" म्हणायला काहीच हरकत नाही, अनोळखी माणसाला खरं सांगायचं बंधन तुमच्यावर नाही.

आणि जायचं कसं यापेक्षा यायचं कसं हे आधी बघा. टोकियोत ट्रेन साधारण साडेबारा-एकला बंद होतात आणि पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात, लंडनला २०१६ पासून शुक्रवार-शनिवारी रात्रभर ट्यूब (तिथली मेट्रो) चालते पण ती पाचच लाइनवर, न्यूयॉर्कची सबवे चोवीस तास असते. तुमच्या शहराचं काय ते बघून शेवटच्या गाडीच्या अर्धा तास आधीचा अलार्म लावा. हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत लिहिलेलं कार्ड खिशात, ऑफलाइन मॅप डाउनलोड केलेला, पॉवर बँक चार्ज केलेली, आणि घरच्या एका माणसाला लाइव्ह लोकेशन. युरोपियन युनियनमध्ये कुठेही इमर्जन्सी नंबर ११२, बाकी ठिकाणी तिथला नंबर विमानतळावरच सेव्ह करून घ्या.

चार-पाच दिवसांनी एखादी संध्याकाळ अशी येते की काहीच नको वाटतं, तेव्हा रूमवर पडू नका, हलकं काहीतरी करा. जपानमध्ये मोहल्ल्यातलं सार्वजनिक स्नानगृह, हेलसिंकीत असाल तर २०१८ ला उघडलेली ओओदी लायब्ररी, तिथे कामाच्या दिवशी रात्री नऊपर्यंत कोणीही जाऊन बसू शकतं. नाहीतर कपडे धुवायला लॉन्ड्रीत टाका आणि ते होईपर्यंत शेजारच्या सुपरमार्केटमध्ये एकेक रॅक बघत फिरा, उद्याचा नाश्ताही तिथूनच घ्या.