सरपंच ताई, सही करण्याआधी

महिला राखीव जागेवरून निवडून आलेल्या आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसणाऱ्या सरपंच ताईंसाठी हे लिहिते आहे. मी ग्रामसेविका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. टेबलाच्या पलीकडे कितीतरी महिला सरपंच बसलेल्या पाहिल्या. ज्यांचा कारभार त्यांच्याच हातात राहिला, त्या फार शिकलेल्या होत्या असं नाही. त्या वाचल्याशिवाय सही करत नव्हत्या, एवढंच त्यांच्यात सारखं होतं. वाचता येत नसेल तर त्या समोरच्याला मोठ्याने वाचायला लावत.

पदभार घेताना दप्तराची यादी मागा आणि एकेक वही समोर ठेवून यादीवर खूण करा. रोकडवही, बँकांची पासबुकं, चेकबुकं, सभांची इतिवृत्तं, नमुना आठ (घरांच्या कर आकारणीची नोंदवही). ग्रामपंचायतीची किती बँक खाती आहेत आणि प्रत्येकात किती शिल्लक आहे, हे त्याच दिवशी तुमच्या स्वतःच्या वहीत उतरवा. आता वित्त आयोगाचे पैसे ऑनलाइन जातात. त्याला तुमची आणि ग्रामसेवकाची (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. तुमच्या सहीचा डोंगल, म्हणजे डिजिटल सही असलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा, तुमच्याकडेच हवा. तो संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये आणि त्याचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. डोंगल नोंदवताना मोबाइल नंबर तुमचाच द्या, मालकांचा किंवा मुलाचा नको. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, गावाचा खजिना त्याच्या हातात असतो.

घरच्यांचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक ताईला पडतो. प्रचार त्यांनी केलेला असतो, खर्चही त्यांनीच. मदत जरूर घ्या, घरी बसून चर्चा करा. पण दप्तर घरी मागवू नका. "वही पाठवून द्या, सही करून देतो," असा निरोप घरातून यायचा तेव्हा मी कळवायचे, "ताईंनी कार्यालयात यावं, मी थांबते." एकदा आल्या की त्या पुढच्या वेळी आपणहून येत. आठवड्यातले दोन ठरावीक वार आणि वेळ बोर्डावर लिहून टाका आणि त्या वेळेला खुर्चीत बसा. लोक कामं घेऊन तुमच्याकडे यायला लागले की घरचेही हळूहळू मागे सरतात.

सगळ्यात जास्त लक्ष मासिक सभेवर द्या. सभा बोलावणं ही तुमची जबाबदारी आहे. सबळ कारणाशिवाय ती टाळली तर पद जाऊ शकतं, आणि जाईल ते तुमचं, कारभार बघणाऱ्या नातेवाइकाचं नाही. अजेंडा निघण्याआधी ग्रामसेवकाबरोबर बसून विषय तुम्ही ठरवा. पहिला विषय नेहमी मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो. तो खरोखर वाचून घ्या, "वाचलं असं समजा" म्हणू देऊ नका. शेवटचा विषय असतो, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. ती अध्यक्ष तुम्ही आहात. मी पाहिलेले बहुतेक घोळ याच ओळीतून आत शिरले: सभा उठता उठता कोणीतरी एखादं खर्चाचं काम पुढे सरकवतं आणि सगळे हो म्हणतात. पैशाचा विषय ऐनवेळी आला तर "पुढच्या सभेत घेऊ" म्हणा. इतिवृत्त त्याच दिवशी लिहून घ्या, प्रत्येक ठरावाला सूचक-अनुमोदकाचं नाव आहे ना ते पाहा, शेवटच्या ठरावाखालची मोकळी जागा रेघ मारून बंद करा आणि मगच सही करा. कोऱ्या पानावर किंवा कोऱ्या चेकवर सही करायची नाही, समोरचा कितीही घाईत असला तरी. उद्या अपहार निघाला तर वसुली सहीवरून लागते.

एखाद्या कामाचं बिल आलं की त्या कामाच्या अंदाजपत्रकाची प्रत घेऊन प्रत्यक्ष जागेवर जा. सोबत टेप आणि दोन-तीन महिला सदस्य. रस्त्याची लांबी, रुंदी, जाडी मोजा आणि मोजमाप पुस्तिकेतल्या आकड्यांशी ताडून बघा. त्यासाठी अभियंता असावं लागत नाही. गटाराचं काम असेल तर पाणी ओतून बघा, ते पुढे जातं का.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हे कायद्यात आहे. बऱ्याच ठिकाणी ती फक्त कागदावर होते. तुम्ही ती खरी घ्या, बायकांना जमेल त्या वेळेला, दवंडी देऊन. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून काय हवं ते याच सभेत विचारा, ठराव लिहून घ्या आणि ग्रामसभेत मांडा. पाठीशी बायका बसलेल्या असल्या की ग्रामसभेत तुमचा आवाज आपोआप चढतो.

विरोध होणारच. अविश्वास ठरावाच्या धमकीला घाबरू नका. थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं तो आणता येत नाही, आणि नंतरही तीन चतुर्थांश सदस्य लागतात. अतिक्रमणाची तक्रार मात्र गांभीर्याने घ्या, कारण कुटुंबाच्या अतिक्रमणावरूनही अपात्रता येते. घराचे उतारे आधीच नीट करून ठेवा. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना, त्या सरकारी जागेवरच्या घरात राहतात या आरोपावरून, पदावरून काढलं होतं. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, आणि बाईच्या हाताखाली काम करणं गावाला पचलं नाही हेही स्पष्ट शब्दांत नोंदवलं.

आता पुढचं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा आपल्या आहेत. लोकसभेत मात्र २०२४ ला ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या. २०२३ च्या घटनादुरुस्तीने तिथे आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा ठेवल्या आहेत, पण त्यांची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेनंतरची आहे. तोवर वाट पाहत बसू नका. पाच वर्षांनी आरक्षणाच्या सोडतीत तुमचं पद खुलं झालं तर लोक म्हणतील, आता पुरुषाची पाळी. खुली जागा पुरुषांसाठी राखीव नसते. तुम्ही केलेल्या कामांचे ठराव, फोटो आणि खर्चाचे आकडे वर्षवार एका फाइलमध्ये लावत जा, आणि ती फाइल घेऊन त्याच जागेवर किंवा पंचायत समितीला अर्ज भरा.