मांजराच्या मिशा म्हणजे नुसते केस नव्हेत, या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती, वय वर्षं पाच, आणि आम्ही सगळे चकल्यांच्या गडबडीत असताना तिने क्राफ्टच्या कात्रीने आमच्या मनीच्या उजव्या बाजूच्या मिशा साफ उडवल्या. "मावशी, मी तिची कटिंग केली." सगळे हसले, मी पण हसले. संध्याकाळी मनी नेहमीसारखी फ्रिज आणि भिंतीच्या मधल्या फटीत शिरायला गेली आणि गाल धाडकन फ्रिजच्या कडेवर आपटला, मागे आली, परत गेली, परत आपटला, मग तिथेच बसून फटीकडे बघत राहिली. तेव्हा माझं हसू गेलं.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, मिशा कापणं. लहान मुलंच करतात असं नाही हां, लांब केसांच्या मांजरांचं तोंड "नीट दिसावं" म्हणून ट्रिम करणारे मोठे लोक पण आहेत. कापताना मांजराला दुखत नाही कारण मिशीच्या आत नस नसते, आणि दुखत नाही म्हणूनच आपल्याला वाटतं की काही बिघडलं नाही. खरा कारभार मुळाशी असतो. मिशी साध्या केसाच्या दुप्पट-तिप्पट जाड आणि मूळ साधारण तिप्पट खोल, त्या मुळाभोवती रक्ताने भरलेली इवलीशी पिशवी आणि 100 ते 200 नसांची टोकं, त्यामुळे मिशीचं टोक जरा कुठे टेकलं किंवा हवेची झुळूक लागली की खाली खबर पोचते. आंधळ्या माणसाची काठी असते ना तसं, काठीला स्वतःला काही कळत नाही पण हाताला सगळं कळतं. आणि हो, कापलेली दुखत नाही पण ओढलेली चांगलीच दुखते, त्यामुळे मिशी धरून गंमत करणाऱ्या पाहुण्यांना सरळ सांगायचं, नको.

नाकाच्या दोन्ही बाजूंना साधारण 12-12 मिशा असतात, 4 ओळींत, आणि वरच्या दोन ओळी खालच्यांपासून वेगळ्या हलू शकतात. शिवाय डोळ्यांच्या वर, गालावर, हनुवटीला, आणि लोकांना माहीतच नसतं पण पुढच्या पायांच्या मागच्या बाजूला मनगटापाशी सुद्धा. मांजर मांडीवर झोपलं असेल तेव्हा हळूच पंजा वळवून बघा, चार-दोन ताठ केस दिसतील. उंदीर पंजात पकडला की तो अजून वळवळतोय का हे त्यावरून कळतं, कारण मांजराला अगदी जवळचं स्पष्ट दिसत नाही, साधारण 25-30 सेंटीमीटरच्या आतलं सगळं धूसर. झडप घालताना मिशा पुढे येऊन भक्ष्याभोवती पसरतात ते याचसाठी. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून आपण त्याला इतकी वर्षं नावं ठेवतोय, पण वाटीत तोंड घातल्यावर डोळे उघडे ठेवून तरी त्या बिचाऱ्याला काय दिसणार होतं!

आधीच कापल्या गेल्या असतील तर घाबरू नका, मुळाला धक्का नसेल तर परत येतात, दोन-तीन महिने धरून चाला. तेवढे दिवस बाहेर सोडू नका, उंच कपाटावर चढायची सवय असेल तर मध्ये एखादं स्टूल ठेवा, आणि सोफा इकडचा तिकडे करायचा मुहूर्त पुढे ढकला. दुसरी बाजू "सारखी दिसावी" म्हणून ती पण कापणारे महाभाग असतात, प्लीज नको. गॅस किंवा समईच्या ज्योतीने टोकं जळून वेटोळी झाली असतील तरी तेच, राहू द्या, त्या आपोआप गळून नवीन येतील. मात्र डेव्हन रेक्स जातीच्या मिशा जन्मतःच कुरळ्या आणि तुटक्या असतात आणि बिनकेसांच्या स्फिंक्स जातीला जवळजवळ नसतातच, तिथे उगाच समईला दोष देऊ नका.

झाडू मारताना एखादी मिशी सापडली तरी काळजी नको, एक-दोन गळतच असतात. पण एकाच बाजूच्या भराभर जायला लागल्या, किंवा तिथली कातडी लाल, खवल्यांची, टक्कल पडल्यासारखी दिसली तर ते नायटा, माइट्स (कातडीवरचे बारीक किडे), अ‍ॅलर्जी काहीही असू शकतं, आणि इथे लोक हमखास घोळ घालतात. घरात पडलेली माणसाची मलम लावतात (मांजर चाटून सगळी पोटात घेतं), टी ट्री ऑइल लावतात, कुत्र्याची गोचिडांची पावडर टाकतात. शेवटच्या दोन तर मांजराला विषारीच आहेत, त्या पावडरींमध्ये बऱ्याचदा परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि त्याने मांजर दगावतं. नायटा तर घरातल्या पोरांना पण लागतो, त्यामुळे सरळ व्हेटकडे जा.

आता वाटी. ऑनलाइन सध्या "व्हिस्कर फटीग" म्हणजे मिशांचा थकवा या नावाने बरंच काही विकतात, म्हणे खोल वाटीच्या कडांना मिशा घासून मांजराला त्रास होतो आणि ते जेवत नाही. माझं मत सांगते, बशी द्यायला हरकत काहीच नाही, आपली साधी पसरट स्टीलची ताटली चालते, त्यासाठी हजार रुपयांचा बोल लागत नाही. यावर एक छोटा अभ्यास पण झालाय, त्यात पसरट भांड्यात मांजरं जास्त जेवली असं दिसलं नाही, फक्त दोन्ही समोर ठेवल्यावर पसरटाकडे जास्त वळली. खरी चूक पुढची आहे. मांजर वाटीपाशी येतं, वास घेतं, मागे फिरतं, आणि आपण वाट्या बदलत बसतो, तेवढ्यात दात खराब झालेले, हिरड्या सुजलेल्या किंवा तोंडात फोड. लाळ गळतेय का, एका बाजूनेच चावतंय का, तोंडाला वास येतोय का हे आधी बघा. आणि मोठं मांजर 24 तास काहीच खात नसेल तर थांबायचं नाही, विशेषतः जाडं असेल तर, कारण उपाशी राहिल्यावर त्यांच्या लिव्हरमध्ये चरबी साठून जीवावर बेततं.

जाड्या मांजरावरून आठवलं, मिशा अंगाच्या रुंदीएवढ्या असतात म्हणून मांजर कुठे अडकणारच नाही, असं समजून बाल्कनीची जाळी न लावणारे लोक मी बघितलेत. अंदाज साधारण बरोबर असतो, आणि मांजराचं कॉलरबोन नुसतंच स्नायूंत असतं, हाडांना जोडलेलं नसतं, म्हणून डोकं गेलं की बहुतेक अंग जातं. पण वजन वाढलं म्हणून मिशा काही वाढत नाहीत. शेजारचा बोका खाऊन खाऊन सहा किलोचा झाला आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये कमरेशी अडकला, अर्धा आत अर्धा बाहेर, तेल लावून काढला त्याला. पिल्लांचं उलटं, ती कुठूनही आरपार जातात. जाळी लावाच.

ऑपरेशननंतर गळ्यात घातलेला कोन दया येऊन काढणं, ही पण एक चूक. मिशा कोनाला सतत टेकतात म्हणून मांजर भांबावतं, उलटं चालतं, दारांना धडकतं, बघवत नाही हे मान्य. पण कोन काढून टाके चाटले तर परत दवाखाना. जेवताना समोर बसून थोडा वेळ काढला तर चालेल का ते डॉक्टरांना विचारा, बाकी वेळ राहू दे.

आणि मिशांकडे बघायची सवय लावून घ्या. निवांत असलं की त्या बाजूला सैल पडतात, लक्ष लागलं की पुढे येतात, घाबरलं की गालाला चिकटतात, आणि चिकटलेल्या दिसत असताना हात पुढे करायचा नाही. दुखत असतानाही फरक पडतो, मिशा ताठ सरळ होतात किंवा पुढे येतात. 2019 मध्ये माँट्रियल विद्यापीठातल्या लोकांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची जी पद्धत दिली त्यात कान, डोळे, तोंडाचा ताण आणि डोक्याची ठेवण यांच्या जोडीला मिशा पण आहेत. आमच्या मनीच्या उजवीकडच्या आता डावीकडच्यांएवढ्या झाल्यात, फक्त फ्रिजपाशी गेली की अजून क्षणभर थांबते आणि मगच आत शिरते.