पुठ्ठ्याची प्लेट: कोलाग्राफ शिकायला लागलेल्यांसाठी

कोलाग्राफ म्हणजे पुठ्ठ्यावर वेगवेगळे पोत चिकटवून केलेल्या प्लेटवरून काढलेला छाप. तो शिकायला आलेली मुलं सुरुवातीला चिकटवण्यातच रमतात. आपल्याकडे पोतांना तोटा नाही. बारदानाचा तुकडा, ज्वारीच्या धाटाची साल, कपाशीचं वाळलेलं पान, दोरा, पॉलिश पेपर, सगळं फेव्हिकॉलने पुठ्ठ्यावर बसतं आणि प्लेट दिसायला फार देखणी होते. छाप मात्र अनेकदा नुसता काळाकुट्ट निघतो. माझ्या मते या माध्यमात सर्वांत आधी शिकायचं ते एकच: शाई कुठे थांबेल हे ओळखणं.

शाई लावून प्लेट पुसली की उंच, गुळगुळीत भाग स्वच्छ होतात आणि खोलगट, खरखरीत भागांत शाई अडकते. ओला कागद प्रेसच्या, म्हणजे छापयंत्राच्या, रुळाखालून जाताना त्या खाचांत दाबला जातो आणि ती शाई उचलतो. म्हणून जाड दोरा चिकटवला तरी काळी रेघ येत नाही. दोऱ्याचा माथा पुसला जातो, शाई त्याच्या दोन्ही कडांना साचते आणि मध्ये उजळ, बाजूंना गडद अशी रेघ उमटते. बोटाला जे उठून लागतं ते कागदावर बहुतेक वेळा फिकं पडतं. हे एकदा हातात भिनलं की प्लेटकडे बघायची नजरच बदलते.

त्यासाठी चित्र बाजूला ठेवून आधी एक नमुना प्लेट करा. माउंट बोर्डवर चौकोन आखायचे आणि प्रत्येकात एकच प्रयोग करायचा. एका चौकोनात कटरने वरचा थर कापून सोलून काढा. आतला तंतुमय पुठ्ठा शाई धरतो आणि छान करडा देतो. दुसऱ्यात फेव्हिकॉलचा गुळगुळीत थर द्या, तो जवळजवळ पांढरा येईल. तिसऱ्यात ओल्या फेव्हिकॉलवर कार्बोरंडमची (घासकामाला वापरतात त्या कठीण, खरखरीत पदार्थाची) भुकटी भुरभुरवा. मखमली, गडद काळा मिळतो. ही प्लेट जपून ठेवा, पुढे प्रत्येक चित्राच्या वेळी तीच उपयोगी पडते.

पोताची उंची दोनेक मिलिमीटरच्या आतच बरी, नाहीतर कागद फाटतो आणि प्रेसच्या फेल्टवर (रुळाखालच्या जाड लोकरी कापडावर) वळ उठतात. प्लेटच्या कडा उतरत्या कापा. मग सुतार वापरतात ती स्पिरिटमधली चपडी पुढून, मागून आणि कडांना पातळ हातांनी दोन-तीनदा द्या. कडा राहिल्या तर ओल्या कागदातलं पाणी पुठ्ठ्यात शिरतं आणि थर सुटतात. छापून झाल्यावर प्लेट खाण्याच्या तेलाने किंवा रॉकेलने पुसायची. स्पिरिट लावलं तर चपडीच विरघळते.

छापण्याआधी शाई पुसण्यावर मात्र भरपूर वेळ द्या. शाई पुठ्ठ्याच्या तुकड्याने आणि जुन्या टूथब्रशने खाचांत भरायची, खळ दिलेल्या विरळ जाळीदार कापडाची पुरचुंडी करून हलक्या हाताने गोल गोल फिरवायची, शेवटी वर्तमानपत्राचा कागद सपाट धरून माथे उजळायचे. एकाच प्लेटमधून पहाट आणि रात्र दोन्ही काढता येतात, फरक फक्त पुसण्याचा. चित्र खरं इथे घडतं, आणि मला या माध्यमाची ओढ आहे ती यामुळेच.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा), सुती, आदल्या दिवशी ओलावून वजनाखाली ठेवलेला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे तो बघता बघता वाळतो, म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि सकाळीच छापा. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची जुनी परंपरा आहे. तुघलकाने राजधानी देवगिरीला आणली तेव्हापासूनची ती, असं सांगतात. तिथला कागद जरूर वापरून बघा, पण आधी एक तुकडा भिजवून तो टिकतो का ते पाहा.

एचिंग प्रेस (वर सांगितलेलं रुळाचं छापयंत्र) जवळ नसेल तर थांबू नका. रोलरने फक्त माथ्यांवर शाई द्या, पातळ कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासा. यात हिशेब उलटा होतो, उंच ते काळं. दोन्ही पद्धती एकाच प्लेटवर करून बघितल्या तर समज फार लवकर येते. अक्षरं असतील तर प्लेटवर उलटीच काढा.

पुढे यातच शिकायचं असेल, तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात छापचित्रणाचं स्वतंत्र शिक्षण आहे, मुंबईत सर जे. जे. कला महाविद्यालय आहे, आणि भोपाळच्या भारत भवनातली ग्राफिक कार्यशाळा तर एकदा बघून यावी अशीच. पोर्टफोलिओत फक्त सुंदर छाप लावू नका. नमुना प्लेटचा छाप आणि एकाच प्लेटचे वेगवेगळे पुसलेले दोन-तीन छाप शेजारी शेजारी लावा. दाबाने पुठ्ठ्याचा पोत हळूहळू बसत जातो, त्यामुळे आवृत्ती (एका प्लेटवरून काढायच्या छापांची संख्या) लहानच ठेवा आणि प्रत्येक छापाखाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक, उजवीकडे सही करा.